तिसऱ्या बाकावरचा गैरहजर

तेहतीस वर्षं मी गणित शिकवलं असं लोक म्हणतात. खरं पाहिलं तर त्याहून नेमानं मी एकच काम केलं, ते हजेरी घेण्याचं. गणिताचा तास कधी निवडणुकीच्या कामात बुडाला, कधी जनगणनेत बुडाला, कधी साहेब पाहणीला येणार म्हणून शाळा झाडण्यात बुडाला. हजेरी एकदाही बुडाली नाही. या अंकासाठी शाळेतले गमतीदार अनुभव लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी हो म्हटलं आणि दोन गमती लिहूनही काढल्या. त्यातली एक खाली येईल. पुढचं जे लिहितो आहे त्यात गंमत नाही. संपादकांना चालत नसेल तर त्यांनी खुशाल कापावं, पण मग गंमतही कापावी.

हजेरीपट म्हणजे काय ते शाळेबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. सत्राच्या सुरुवातीला वर्गशिक्षक एका लांबट वहीत वर्गातली सगळी नावं उतरवतो. आमच्याकडे रीत अशी की मुलांची नावं निळ्या शाईनं आणि मुलींची लाल शाईनं. हा नियम कुठे छापलेला मी पाहिला नाही. माझ्या आधीच्यांनी तसं केलं, मीही केलं. महिनाअखेर मुलं किती, मुली किती हे वर कळवावं लागतं, ते शाईमुळे सोपं जातं. रोज नाव वाचायचं, पोरानं 'उपस्थित' म्हणायचं, आपण रकान्यात 'उ' लिहायचा. आवाज आला नाही तर 'अ'. दहावीला वर्षभरात पंचाहत्तर टक्के 'उ' भरले नाहीत तर नियमित विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नाही. पटवाऱ्याच्या हातात जमिनीचा खसरा असतो तसा मास्तराच्या हातात हजेरीपट. वही साधीच, पण त्यात लिहिलं ते झालं.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्यात सरकारी शाळा हिंदीतून चालते. घरी मराठी, वर्गात हिंदी, मधल्या सुटीत दोन्हीची खिचडी. किरनापुरच्या पुढे लांजी रस्त्यावरच्या एका गावात माझी शेवटची सोळा वर्षं गेली. पुष्कळ शिक्षक हजेरीला नुसते नंबर वाचतात. एक, दोन, तीन, पाच मिनिटांत काम संपतं. मी कधी नंबर वाचला नाही. माझ्या वडिलांचं नाव लक्ष्मण, पण गाव त्यांना लख्या म्हणे, त्यांच्या निम्म्या वयाची पोरंसुद्धा. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावरही ते लख्याच राहिले. मी मास्तर झालो तेव्हा त्यांनी एकच सांगितलं होतं, 'माणसाचं नाव पुरं घेत जाय.' म्हणून मी पुरं नाव घेई. कुमार अमुक, कुमारी तमुक. याचा मला फार अभिमान होता.

दुसरा अभिमान चौथ्या शीलाचा. गावच्या विहारात दर रविवारी वंदना मीच घेत असे. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना माझा आवाज आपोआप चढायचा, असं बायको म्हणते. एका वर्षी तिथल्या पटेलांचा मुलगा सगळा पावसाळा मामाकडे राहिला. हजेरी कमी पडली. पटेल चिन्नौर तांदळाचं पोतं ट्रॅक्टरवर टाकून माझ्या दारात आले आणि म्हणाले, "गुरुजी, दस-बीस 'उ' से आपका क्या बिगड़ता है?" मी म्हटलं, "माझं शील बिघडतं." पोतं परत गेलं. त्या तांदळाचा वास दोन दिवस ओसरीत होता आणि ते दोन दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. ही ती गंमत. ती मी विहारात, लग्नात, बसमध्ये, भेटेल त्याला सांगितली आहे. लोक म्हणायचे, गुरुजी खोटं बोलत नाहीत.

तर असा मी. आता रोशनचं सांगतो. नाव मी बदललं आहे, पण तेवढंच बदललं आहे.

शाळेत दाखल झाला तेव्हाच्या कागदांवर तो मुलगी होता आणि नाव रोशनी होतं. आठवीपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. नववीत त्यानं केस कापले, पोरांमध्ये बसायला लागला, आणि मुलं त्याला रोशन म्हणू लागली. मुलांना यात काही जड गेलं नाही. 'वो लड़का ही है, सर,' असं एकानं मला सहज सांगितलं, पाऊस येऊन राह्यला म्हणावं इतक्या सहज. दहावीला तो माझ्या वर्गात आला. गणितात चांगला. उत्तर आलं की हात वर न करता नुसता माझ्याकडे बघायचा.

जुलैत मी नवीन हजेरीपट भरत बसलो होतो. तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात एक निळं पेन होतं, नवीन, प्लास्टिकच्या पिशवीतलं.

"सर, मेरा नाम इससे लिख दीजिए."

मी म्हटलं, मुलींची नावं लाल शाईनं असतात.

"नाम जो काग़ज़ में है वही लिखिए सर. बस नीले से. और हाजिरी में रोशन बुला लीजिए." मी लाल पेनाचं टोपण काढलं तेव्हा तो आणखी खाली उतरला. "नहीं तो सिर्फ़ नंबर बोल दीजिए. मैं बोल दूँगा, उपस्थित."

पंधरा वर्षांच्या पोरानं माझ्यासाठी वाट काढून दिली होती. नंबर बोलायचा, संपलं. मी त्याला काय सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "माझ्या वर्गात माणसाला नंबरानं हाक मारत नाहीत." आणि पुढे म्हटलं, "तू जे नाही ते मी म्हणालो तर मी खोटं बोललो. मी पंचशील घेतलेला माणूस आहे." त्याचं घरही विहारातलंच. त्याचा बाप सुखदेव दर रविवारी शेवटच्या रांगेत बसायचा, मी म्हणेन तसं मागून म्हणायचा. पोरगा पेन टेबलावर ठेवून गेला. मी लाल शाईनं नाव लिहिलं आणि पुढे 'कुमारी' जोडलं, जे तोवर नुसतं वाचताना जोडायचो, लिहीत नव्हतो.

आमच्याकडे इंग्रजी शिकवायला एक तिवारी मॅडम होत्या. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, कपाळाला चंदन, पर्समध्ये ठाकुरजींची, म्हणजे बाळकृष्णाची, छोटी मूर्ती. मी त्यांना मनातल्या मनात हसत असे. आपण विज्ञान मानणारी माणसं, ह्या अजून मूर्तीला आंघोळ घालतात. त्या रोशनला पहिल्या दिवसापासून रोशन म्हणत होत्या. मी एकदा त्यांना टोकलं, "मॅडम, आपका धर्म इसकी इजाज़त देता है?" त्या वह्या तपासत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "गुरुजी, बच्चे को किसने बनाया, कैसा बनाया, ये ठाकुरजी जानें. मुझे तो बस अंग्रेज़ी पढ़ानी है." मला वाटलं, बाईंना मुद्दा कळलाच नाही.

पहिल्या दिवशीची हजेरी सांगतो. मी वाचलं, "कुमारी रोशनी." तिसऱ्या बाकावर तो बसला होता, माझ्याकडेच बघत होता. मी पुन्हा वाचलं. तो उभा राहिला. "सर, रोशन उपस्थित है."

"इस रजिस्टर में रोशन नाम का कोई नहीं है."

मागून कुणीतरी हसलं. मी म्हटलं, जो आपल्या नावाला बोलला नाही तो आला नाही. आणि 'अ' लिहिला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला नाही, नुसता बसून राहिला. मी 'अ' लिहिला. मला वाटलं होतं, आठ दिवसांत ताळ्यावर येईल. आठ दिवसांचे पंधरा झाले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग चिखलात असायचा, पण तो सायकल दामटत यायचा, ओल्या पायांनी तिसऱ्या बाकावर बसायचा, आणि मी त्याच्या नावापुढे 'अ' लिहायचो. मग फळ्याकडे वळून उदाहरण घालायचो आणि सगळ्यांत आधी त्याच्याच वहीवर बरोबरची खूण करायचो. खाली तारीख घालायची सवय होती मला. त्याच तारखेला हजेरीपटात 'अ' असायचा. दोन्ही अक्षरं माझीच.

प्राचार्यांनी एकदा हळूच विचारलं, "गुरुजी, नंबर बोल दो ना, क्या जाता है?" मी म्हटलं, "माझं शील जातं, साहेब." शीलापुढे कोण बोलणार? पटेलांच्या पोत्याची गोष्ट त्यांनीही ऐकली होती.

खोटं बोलणार नाही म्हणून मी सहा महिने रोज खोटं लिहिलं. हे मला आता कळतं असं मी लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मला तेव्हाही कळत होतं. 'अ' लिहिताना माझी मान खाली असे आणि त्या बाकाकडे मी बघत नसे. कळत नसतं तर बघितलं असतं.

जानेवारीत हजेरी कमी असलेल्या मुलांच्या घरी कागद जातो. तो गेला. दुसऱ्या दिवशी सुखदेव शाळेत आला. डोक्याला टॉवेल, पायात चिखलाची चप्पल, ती त्यानं दाराबाहेर काढली. स्टाफरूममध्ये मी एकटाच होतो. तो बसला नाही.

"गुरुजी, मास्तर लोकाईनं कागद धाडला म्हने. माही पोरगी शाळेत येत नाही का जी?"

मी हजेरीपट उघडला. सुखदेवला वाचता येत नव्हतं. मी त्याच्यासमोर वही फिरवली आणि रकान्यांवरून बोट नेलं. "हे पाह्य. हा 'अ'. म्हणजे आली नाही. हा पण 'अ'. हा पण." सहा महिन्यांची पानं मी त्याला अशी दाखवली. त्यानं बोटाच्या मागे मागे मान हलवली.

"पन घरून तं रोज निंगते जी. सायकल घेऊन. डब्बा घेऊन."

"ते मला काय माहीत? जे आहे ते इथं आहे."

"मंग जाते कुठी?"

भिंतीपलीकडे दहावीचा विज्ञानाचा तास चालू होता. तिथे ते पोर बसलं होतं. मला फक्त एक हाक मारायची होती, किंवा सुखदेवला दारापर्यंत न्यायचं होतं, दहा पावलं. मी म्हटलं, "वाढत्या वयाची पोरगी आहे, सुखदेव. घरच्यांनी लक्ष ठेवावं."

त्याचा चेहरा मी पाहिला. त्यानं मला हात जोडले. जाताना म्हणाला, "तुमी सांगतलं म्हून बरं झालं जी."

दुसऱ्या दिवशी सायकल आली नाही. त्या दिवसापासून माझा 'अ' खरा झाला.

नंतर कानावर आलं ते असं. बापानं विचारलं, कुठे जातेस? पोरगं म्हणालं, शाळेतच जातो, सर लिहीत नाहीत. माझ्या खुणा असलेली गणिताची वही त्यानं बापापुढे धरली. बापाला त्या खुणा कुणाच्या हे कळत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, गुरुजी खोटं लिहितील का? मग त्यानं पोराला मारलं. शाळा सुटली. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा रोशन एका पहाटे बसनं बालाघाटला मावशीकडे निघून गेला. तिवारी मॅडम त्याच्या इंग्रजीच्या वह्या घेऊन प्राचार्यांकडे गेल्या होत्या, हा रोज माझ्या वर्गात होता म्हणून. प्राचार्य म्हणाले, रजिस्टर वर्गशिक्षकाचं. मॅडम माझ्याकडे आल्या नाहीत. मी निवृत्त होईस्तोवर त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

मी मात्र रविवारची वंदना घेत राहिलो. सुखदेव शेवटच्या रांगेत बसतच होता. चौथ्या शीलापाशी मी जरा लवकर पुढे जायला लागलो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

निवृत्त होऊन बालाघाटला घर केलं. मागच्या उन्हाळ्यात बोअरची मोटर जळली. ती रिक्षात टाकून वाइंडिंगच्या दुकानात नेली. आत खाली बसून एक जण तांब्याची तार गुंडाळत होता. बारीक मिशी, कानावर पेन्सिल, बोटं व्हार्निशनं पिवळी. त्यानं वर पाहिलं आणि उभा राहिला. हात पुसले.

"नमस्ते सर."

मी त्याला ओळखलं. दहा वर्षं झाली होती. त्यानं मोटर उघडली, आत बोट फिरवलं, म्हणाला, "पानी गया है अंदर. परसों ले जाइए." मालक त्याला रोशनभैया म्हणत होता. गिऱ्हाईकही. आधार कार्डावरही आता रोशनच आहे, असं नंतर कळलं. इतकी साधी गोष्ट होती ती, सगळं बालाघाट करत होतं.

मोटर न्यायला गेलो तेव्हा मी बोललो. घरून शब्द जुळवून गेलो होतो, ते तिथं उपयोगी पडले नाहीत. मी म्हटलं, "रोशन, मी चूक केली. तू रोज येत होतास. मी खोटं लिहिलं." तो तारेचं रीळ हातात घेऊन ऐकत होता. त्यानं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि रागही केला नाही. तो मराठीत बोलला. शाळेत तो माझ्याशी कधी मराठीत बोलला नव्हता.

"सर, हे मले सांगून काय फायदा? मले तं माहीतच आहे, मी होतो म्हून." मग म्हणाला, "बाबा गेले. दोन वर्षं झाले. माय आहे. तिले सांगता?"

मी हो म्हटलं. त्या घटकेला मी काहीही कबूल केलं असतं.

पुढच्या रविवारी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी त्या गावी गेलो. शाळेवरून गेलो, विहारावरून गेलो. अंगणात त्याची माय सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मला पाहून तिनं पदर सावरला, पण उठली नाही. गुडघे धरले असतील असं मला वाटलं.

"माय, सर आले. तुले काही सांगाचं आहे त्याइले."

मी उभाच होतो. म्हटलं, "बाई, तुमचा मुलगा रोज शाळेत येत होता. एक दिवस चुकवला नाही. त्यानं रजिस्टरातल्या नावाला आवाज दिला नाही म्हणून मी त्याला गैरहजर लिहिलं. तो समोर बसलेला असताना लिहिलं. सुखदेवला मी खोटं दाखवलं."

तिचं सूप थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, तांदळाकडे बघत होती. तशीच बोलली.

"पोट्ट्याच्या बाबाले दवाखान्यात नेलं तवा बी त्याचं तेच होतं, गुरुजी. पोट्टं आलतं भेटाले. बापानं तोंड फिरवलं. म्हने, मारल्याचं मले वाईट वाटते, पन हे पोट्टं माह्या तोंडावर खोटं बोललं." तिनं तांदळातून एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. "तुमाले तं ठाव होतं. त्या दिवशी तो शाळेत तुमच्या पुढे उभा होता, पोट्टं तिथंच होतं. मंग काहून नाही सांगतलं त्याले?"

तिवारी मॅडमनी विचारलं असतं, प्राचार्यांनी विचारलं असतं, तर त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर होतं. शील होतं, नियम होता, लाल शाई होती. त्या बाईपुढे त्यातलं एकही तोंडात येईना. मला लाज वाटली, आणि लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटली. हात जोडलेले होते, ते खाली घ्यावेत की तसेच ठेवावेत हेही सुचेना.

रोशन म्हणाला, "माय, सरले बसाले खुर्ची दे."

ती उठली नाही. तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.